ब्लॉक डिव्हाइसची कॅशे साफ करताना सर्व्हर वारंवार अडखळत असेल तर

लक्षणे साधारणपणे अशी असतात. सर्व्हरवर ठरावीक वेळी एखादे ब्लॉक डिव्हाइस (डिस्क, पार्टिशन यांसारखे साठवणीचे साधन) फाइल सिस्टीमला वगळून थेट वाचले किंवा लिहिले जाते. कधी संपूर्ण डिस्कची इमेज काढण्यासाठी, कधी व्हर्च्युअल मशीनची इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवण्यासाठी. काम चालू असताना मेमइन्फोमधील (मेमरीचा वापर दाखवणाऱ्या कर्नेलच्या फाइलमधील) ‘बफर्स’चा आकडा चढत जातो, काम संपल्यावर एखादी स्क्रिप्ट कॅशे, म्हणजे डिस्कवरील डेटाची मेमरीतील प्रत, रिकामी करण्याचा आदेश देते, आणि नेमक्या त्याच वेळी बाकीच्या सेवा काही सेकंद, क्वचित मिनिटभर, प्रतिसाद देत नाहीत. थोड्या वेळाने सगळे सुरळीत होते म्हणून तक्रार बंद केली जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती पुन्हा नोंदवली जाते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या सेवेत) ‘ड्रॉप कॅशेस’ची, म्हणजे कर्नेलला कॅशे टाकून द्यायला सांगणारी, आणखी एक ओळ टाकणे. माझ्या मते तपासाची सुरुवात ती ओळ काढण्यापासूनच करावी, कारण ती ओळ असेपर्यंत मूळ दोष कुठे आहे हे कोणत्याच आकड्यात नीट दिसत नाही. कॅशेची साफसफाई महाग पडते ती एकाच वेळी फार मोठा साठा साफ करावा लागतो म्हणून, किंवा साफ करणाऱ्याला दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहावी लागते म्हणून. या दोहोंचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि आपल्याकडे त्यातले कोणते घडते आहे हे ठरवल्याशिवाय कर्नेलच्या सेटिंग्जना हात लावण्यात अर्थ नाही. पुढील सर्व विवेचन लिनक्स कर्नेलपुरते आहे.

कोणती कॅशे, कोणाची कॅशे

लिनक्समध्ये प्रत्येक ब्लॉक डिव्हाइसचा कर्नेलच्या आत स्वतःचा आयनोड (त्याची नोंद ठेवणारी रचना) असतो आणि त्या आयनोडला जोडलेली स्वतंत्र पेज कॅशे, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांची (पेजेसची) कॅशे, असते. डिव्हाइस थेट वाचले की आलेला डेटा या पेजेसमध्ये राहतो, आणि मेमइन्फोतील ‘बफर्स’ हा आकडा म्हणजे अशा सर्व ब्लॉक डिव्हाइसांच्या पेजेसची बेरीज होय. साध्या फाइलींची पेजेस ‘कॅश्ड’ या आकड्यात धरली जातात. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम आपला मेटाडेटा, म्हणजे बिटमॅप, आयनोडचे तक्ते, डिरेक्टरींचे ब्लॉक, डिव्हाइसच्या याच कॅशेतून वाचते. एक्सएफएस या फाइल सिस्टीमने मात्र मेटाडेटासाठी स्वतःची वेगळी बफर व्यवस्था ठेवली आहे. त्यामुळे दोन सर्व्हरवर ‘बफर्स’चा आकडा सारखा दिसला तरी त्याचा अर्थ सारखाच असेल असे नाही.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि निम्मे गोंधळ त्यांच्यापाशीच सुरू होतात. पहिली अशी की संपूर्ण डिस्क आणि तिच्यावरचे पार्टिशन ही कर्नेलच्या दृष्टीने दोन वेगळी डिव्हाइसे आहेत आणि त्यांच्या कॅशेही वेगळ्या आहेत. बॅकअप जर पहिल्या पार्टिशनमधून वाचत असेल आणि स्क्रिप्ट ‘ब्लॉकडेव्ह’ कमांडचा ‘फ्लशबफ्स’ हा (लिहायचे राहिलेले लिहून डिव्हाइसची कॅशे रिकामी करणारा) पर्याय संपूर्ण डिस्कवर चालवत असेल, तर कमांड बिनतक्रार यशस्वी होते आणि ‘बफर्स’ जागचे हलत नाही. एलव्हीएमच्या (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) व्हॉल्यूमचेही असेच आहे: त्याची कॅशे त्याच्या स्वतःच्या डिव्हाइसवर असते, त्याखालच्या डिस्कवर नसते. ‘फ्लश केले पण काही झालेच नाही’ अशी तक्रार आली की सर्वांत आधी ज्या डिव्हाइसमधून वाचले आणि ज्या डिव्हाइसवर फ्लश केले ती दोन्ही नावे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

दुसरी गोष्ट म्हणजे डिव्हाइस शेवटच्या वापरकर्त्याने बंद केले की कर्नेल आधी लिहायचे राहिलेले सर्व लिहून टाकतो आणि मग त्या डिव्हाइसची उरलेली सगळी पेजेस टाकून देतो. म्हणजे दुसऱ्या कोणीही न उघडलेल्या डिस्कची इमेज काढून प्रोग्राम संपला, तर वेगळ्या साफसफाईची गरजच उरत नाही. साठा मागे राहतो तो डिव्हाइस दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवलेले असते तेव्हा. बहुतेक वेळा माउंट केलेली फाइल सिस्टीम, डिव्हाइस मॅपर (एलव्हीएम ज्यावर चालते तो कर्नेलचा थर) किंवा स्वॅप यांपैकी एकाने. चालू फाइल सिस्टीम असलेले पार्टिशन थेट वाचणारे बॅकअप या तक्रारीत पुन्हा पुन्हा आढळते ते यामुळेच.

आधी मोजणी

साफसफाई सुरू होण्याच्या मिनिटभर आधीपासून ती संपेपर्यंत मेमइन्फोतील ‘बफर्स’, ‘डर्टी’ (डिस्कवर लिहायचे राहिलेले) आणि ‘राइटबॅक’ (सध्या लिहिले जात असलेले) हे तीन आकडे दर सेकंदाला एका फाइलमध्ये नोंदवावेत. कर्नेल ४.२० किंवा त्यानंतरचा असेल आणि पीएसआय (सीपीयू, मेमरी, आयओ यांसाठी कामे किती थांबतात हे मोजणारी सोय) सुरू असेल तर ‘प्रेशर’ डिरेक्टरीतील आयओ आणि मेमरी यांच्या नोंदीही सोबत घ्याव्यात. सर्व्हर अडखळतो त्या काळात ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ मोठे असून हळूहळू उतरत असतील, तर वेळ डिस्कवर लिहिण्यात जात आहे. ते जवळपास शून्य असून ‘बफर्स’ एकदम कोसळत असेल, तर स्वच्छ पेजेस टाकून दिली जात आहेत आणि त्रास त्यानंतरच्या पुनर्वाचनाचा आहे. तिन्ही आकडे स्थिर असूनही कमांड परत येत नसेल, तर ती कोणाची तरी वाट पाहत आहे.

साफसफाई नेमकी कोण करते हे माहीत नसेल तर कर्नेलच्या लॉगमध्ये पाहावे. ‘ड्रॉप कॅशेस’मध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रामचे नाव आणि प्रोसेस क्रमांक तेथे नोंदवला जातो, मात्र कोणी त्यात चारचा बिट लिहून ही नोंद बंद केलेली नसावी. अशी नोंद सापडली की पुष्कळदा ती ओळ कोणी आणि कधी टाकली हे कोणालाच आठवत नसते.

लिहायचे राहिलेले फार असेल तर

कॅशे साफ करताना कर्नेल डर्टी पेज, म्हणजे डिस्कवर लिहायचे राहिलेले पेज, नुसते टाकून देत नाही. ते आधी डिस्कवर जावे लागते. ‘डर्टी रेशो’ मूळ सेटिंगमध्ये २० टक्के आणि ‘डर्टी बॅकग्राउंड रेशो’ १० टक्के असतो, आणि ही टक्केवारी एकूण मेमरीची नसून त्या क्षणी वापरता येण्याजोग्या मेमरीची असते. पेज ३० सेकंदांनी जुने समजले जाते आणि लिहिणारा थ्रेड दर ५ सेकंदांनी जागा होतो. ६४ जीबी मेमरीपैकी बहुतांश मोकळी असेल तर सुमारे १२ जीबी डर्टी डेटा साचू शकतो, आणि सेकंदाला १५० एमबी लिहिणाऱ्या डिस्कला तो उतरवायला जवळजवळ दीड मिनिट लागते. ‘फ्लशबफ्स’चा आदेश या दीड मिनिटाच्या रांगेत शेवटी उभा राहतो, आणि त्याच डिस्कवर एफसिंक (डेटा डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणारा कॉल) करणारी प्रत्येक सेवाही त्याच रांगेत अडकते. एखादी प्रोसेस १२० सेकंदांहून अधिक काळ अशी अडकली तर कर्नेल ‘हंग टास्क’ची ओळ लॉगमध्ये टाकतो, आणि मग शंका विनाकारण डिस्कच्या बिघाडावर घेतली जाते.

भरपूर मेमरीच्या सर्व्हरवर टक्केवारीऐवजी ‘डर्टी बाइट्स’ आणि ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ वापरावेत. बाइट्सची किंमत घातली की तिच्या जोडीची टक्केवारी आपोआप शून्य दिसू लागते. तो बिघाड नव्हे. किंमत ठरवताना ‘ही डिस्क दोन-तीन सेकंदांत किती लिहू शकते’ एवढाच प्रश्न विचारावा आणि बॅकग्राउंडची मर्यादा त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी ठेवावी. एकच डिस्क संथ असेल तर संपूर्ण सर्व्हरची मर्यादा खाली आणण्यापेक्षा सिस या (कर्नेलची माहिती आणि सेटिंग्ज दाखवणाऱ्या) फाइल सिस्टीममधील ‘बीडीआय’ वर्गात त्या डिस्कचा ‘मॅक्स रेशो’ कमी करावा, म्हणजे एका संथ डिस्कने डर्टी पेजेसचा सगळा वाटा बळकावण्याचा प्रकार थांबतो.

लिहिणारा प्रोग्राम आपल्या हातात असेल तर याहून चांगला मार्ग आहे, आणि तो थोडा तपशिलात सांगतो. डेटा ८ एमबीच्या तुकड्यांत लिहावा. एक तुकडा लिहून झाला की ‘सिंक फाइल रेंज’ या सिस्टीम कॉलने त्याचे डिस्कवर जाणे फक्त सुरू करून द्यावे, थांबू नये. मग त्याच कॉलने आधीच्या तुकड्याचे लेखन पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि तो पूर्ण झाला की त्या आधीच्या तुकड्यावर ‘एफअॅडव्हाइज’ या कॉलचा ‘डोन्टनीड’ (ही पेजेस आता नकोत) सल्ला द्यावा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ‘डोन्टनीड’ डर्टी पेजला स्पर्श करत नाही. लेखन पूर्ण होण्याआधी सल्ला दिला तर कॉल यशस्वी होतो, त्रुटी येत नाही आणि पेजेस जशीच्या तशी राहतात. या पद्धतीत कोणत्याही क्षणी दोन तुकड्यांपेक्षा फार जास्त साठा राहत नाही, डिस्क सतत कामात राहते, आणि शेवटी साफ करण्यासारखे जवळपास काहीच उरत नाही. एक मात्र ध्यानात ठेवावे की ‘सिंक फाइल रेंज’ डेटाच्या टिकाऊपणाची हमी देत नाही, म्हणून काम संपताना एकदा एफसिंक करावेच लागते.

स्वच्छ पेजेस टाकताना होणारा त्रास

४ केबीच्या पेजेसमध्ये १ जीबी म्हणजे २,६२,१४४ पेजेस होतात. स्वच्छ पेज टाकण्यासाठी डिस्कला हात लावावा लागत नाही, तरी प्रत्येक पेज शोधणे, लॉक करणे, त्यावरचे बफर हेड (पेजमधील ब्लॉकची कर्नेलकडील नोंद) सोडवणे आणि यादीतून काढणे हे काम करावेच लागते. हा खर्च डिव्हाइसच्या आकारावर अवलंबून नसून त्यापैकी किती पेजेस कॅशेत आहेत यावर ठरतो. कर्नेल हे काम लहान गटांत करतो आणि मध्येमध्ये इतर कामांना वाट देतो, त्यामुळे नुसते पेजेस टाकणे हे सर्व्हर अडखळण्याचे कारण सहसा नसते. नुकसान होते ते नको ती पेजेस टाकली गेल्याने. ‘ड्रॉप कॅशेस’मध्ये १ लिहिले की सर्व फाइल सिस्टीमची, न मॅप केलेली, स्वच्छ पेजेस जातात, ३ लिहिले की डेन्ट्री (फाइलनावांच्या नोंदी) आणि आयनोडही जातात. एका डिस्कच्या बॅकअपसाठी डेटाबेसच्या फाइलींची ऊब घालवली जाते, आणि पुढची काही मिनिटे तीच पेजेस पुन्हा वाचण्यात खर्च होतात.

वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी उपाय सोपा आहे: वाचून झालेल्या भागावर वेळोवेळी ‘डोन्टनीड’ द्यावा. प्रोग्राम बदलता येत नसेल तर ‘डीडी’ या कॉपी करणाऱ्या कमांडमध्ये ‘नोकॅश’ हा फ्लॅग आहे, तो वाचनाच्या आणि लेखनाच्या दोन्ही बाजूंना लावता येतो. शून्य ब्लॉकचा काउंट दिला तर काहीही न वाचता संपूर्ण इनपुटची कॅशे सोडण्याचा सल्ला तेवढा दिला जातो. कॅशे डिव्हाइसच्या आयनोडची असल्यामुळे हा सल्ला वेगळ्या प्रोसेसने दिला तरी चालतो.

येथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. एकदाच क्रमाने वाचलेली पेजेस कर्नेल ‘इनॲक्टिव्ह’ यादीत ठेवतो आणि मेमरी कमी पडली की आधी तीच काढतो. म्हणजे सरळ एका वाचनाचे बॅकअप वाटते तितके उपद्रवी नसते. पण जो प्रोग्राम आधी चेकसम काढण्यासाठी आणि मग कॉपी करण्यासाठी असे दोनदा वाचतो, त्याची पेजेस दुसऱ्या वाचनात ‘अॅक्टिव्ह’ यादीत चढतात आणि खऱ्या उपयोगाच्या पेजेसशी बरोबरीने स्पर्धा करू लागतात. अशा वेळी दोन्ही कामे एकाच वाचनात उरकणे हा कोणत्याही सेटिंगपेक्षा परिणामकारक उपाय ठरतो.

डायरेक्ट आयओ (कॅशे वगळून थेट वाचन-लेखन) वापरले तर कॅशेचा प्रश्नच मिटतो, मात्र बफर, ऑफसेट आणि लांबी डिव्हाइसच्या लॉजिकल ब्लॉकशी जुळलेली असावी लागते आणि कर्नेलचे रीडअहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणे) मिळत नाही, म्हणून निदान १ एमबीचे ब्लॉक घ्यावेत. त्याच डिव्हाइसवर एक प्रोग्राम डायरेक्ट आणि दुसरा कॅशेतून अशी सरमिसळ टाळावी. लूप डिव्हाइसवर (फाइलच डिस्क म्हणून दाखवणाऱ्या डिव्हाइसवर) हा प्रश्न दुपटीने येतो, कारण तोच डेटा लूप डिव्हाइसच्या कॅशेत आणि त्यामागच्या फाइलच्या कॅशेत असा दोन ठिकाणी राहतो. कर्नेल ४.४ पासून ‘लोसेटअप’ या लूप डिव्हाइस जोडणाऱ्या कमांडमध्ये डायरेक्ट आयओ सुरू करता येते, आणि इमेजवर काम करणाऱ्या सर्व्हरवर ते सुरू न करण्याचे कारण मला तरी क्वचितच दिसते.

कमांड परत येत नाही

हा प्रकार कमी आढळतो, पण आढळला की सर्वांत जास्त वेळ खातो. ‘फ्लशबफ्स’ अडकलेले आहे, डिस्क रिकामी बसली आहे, डर्टी शून्य आहे. त्या प्रोसेसचा कर्नेल स्टॅक, म्हणजे ती कर्नेलच्या कोणत्या फंक्शनमध्ये अडकली आहे त्याची यादी, प्रॉक या प्रोसेसची माहिती देणाऱ्या फाइल सिस्टीममधून रूट म्हणून वाचावा. सर्वांत वर ‘फ्लश वर्क’, त्याखाली ‘एलआरयू अॅड ड्रेन ऑल’, त्याखाली ‘इनव्हॅलिडेट बीडेव्ह’ आणि तळाकडे आयऑक्टलचे (डिव्हाइसला आदेश देणाऱ्या सिस्टीम कॉलचे) कॉल असा क्रम दिसला तर निदान झाले असे समजावे.

कारण असे आहे. प्रत्येक सीपीयू नुकतीच आलेली पेजेस मुख्य यादीत टाकण्यापूर्वी आपल्याजवळच्या छोट्या गटात ठेवतो, आणि नुकत्याच वापरलेल्या बफर हेडचीही प्रत्येक सीपीयूची एक लहान यादी असते. या दोन्ही ठिकाणी पेजवर संदर्भ धरलेला असतो, आणि संदर्भ धरलेले पेज टाकता येत नाही. म्हणून ब्लॉक डिव्हाइसची कॅशे टाकण्याआधी कर्नेल ज्या सीपीयूंच्या याद्यांत काही आहे त्यांना त्या रिकाम्या करायला सांगतो आणि सर्वांचे होईपर्यंत थांबतो. बफर हेडच्या यादीसाठी पूर्वी सरसकट सगळ्या सीपीयूंना इंटरप्ट जात असे. २०१२ मधील ३.४ कर्नेलपासून तो फक्त यादी भरलेल्या सीपीयूंनाच जातो. पेजेसच्या गटांसाठी मात्र त्या त्या सीपीयूवर कर्नेलचा सामान्य प्राधान्याचा वर्कर थ्रेड चालावा लागतो. एखाद्या वेगळ्या काढलेल्या सीपीयूवर रिअलटाइम प्राधान्याचा थ्रेड अखंड फिरत असेल, आणि रिअलटाइम थ्रेडना सेकंदात ०.९५ सेकंदांपर्यंतच चालू देणारी मूळ मर्यादा उणे एक लिहून उठवलेली असेल, तर त्या वर्करची पाळी कधीच येत नाही. साफसफाई करणारा मग कायमचा तिष्ठत राहतो.

अशा सर्व्हरवर त्या रिअलटाइम थ्रेडला फाइल किंवा डिव्हाइसचे कॅशेतून होणारे वाचन-लेखन करू देऊ नये. त्याच्या सीपीयूवर काही साचलेच नाही तर कर्नेल त्याला विचारतही नाही. बॅकअपची प्रोसेस उरलेल्या सीपीयूंना बांधून ठेवावी आणि शक्यतो डायरेक्ट आयओवर चालवावी, कारण डिव्हाइसच्या कॅशेत एकही पेज नसेल तर ‘इनव्हॅलिडेट बीडेव्ह’ पहिल्याच तपासणीत परत फिरते. ‘डोन्टनीड’ हा येथे पूर्ण पर्याय नाही: काही पेजेस सुटली नाहीत तर तोही सर्व सीपीयूंच्या याद्या रिकाम्या करण्याच्या वाटेला जातो.

पुन्हा पुन्हा उघडणे आणि बंद करणे

काही प्रोग्राम प्रत्येक तुकड्यासाठी डिव्हाइस उघडतात, लिहितात आणि बंद करतात. डिव्हाइस दुसऱ्या कोणी धरलेले नसेल तर प्रत्येक वेळी संपूर्ण कॅशे लिहून टाकून दिली जाते. त्यातच यूडेव्हची (डिव्हाइसांची नोंद ठेवणाऱ्या सेवेची) भर पडते: लिहिण्यासाठी उघडलेले डिव्हाइस बंद झाले की यूडेव्हची पहारा देणारी व्यवस्था ‘चेंज’ घटना निर्माण करते आणि डिव्हाइसवर काय आहे हे तपासण्यासाठी ते पुन्हा वाचते. यूडेव्हच्या मॉनिटरमध्ये एकाच डिस्कच्या ‘चेंज’ घटनांची रांग दिसली तर हेच घडते आहे. सर्व काम एकाच उघडलेल्या डिस्क्रिप्टरवर करावे, आणि कामाच्या काळात संपूर्ण डिस्कवर ‘एफलॉक’ने एक्सक्लुझिव्ह लॉक घ्यावा, यूडेव्ह या लॉकचा मान राखतो. डिव्हाइस मॅपरची उपकरणे त्यातून वगळलेली आहेत, त्यांच्यासाठी नियमात ‘नोवॉच’ लावावे लागते.

ड्रायव्हर किंवा कर्नेल मॉड्यूल लिहिणाऱ्यांनीही हेच ध्यानात घ्यावे. लहानशा बदलासाठी संपूर्ण डिव्हाइसची कॅशे टाकणारे फंक्शन बोलावू नये. डिस्कार्डचा आयऑक्टल ज्याप्रमाणे फक्त त्या टप्प्यातील पेजेस काढतो, त्याप्रमाणे टप्प्यापुरतेच काम करावे. आणि ‘इनव्हॅलिडेट’ व ‘ट्रंकेट’ यांची अदलाबदल करू नये: पहिले डर्टी आणि वापरातील पेजेस सोडून देते, दुसरे ती न लिहिताच फेकते. वेग वाढला म्हणून दुसरे वापरणे म्हणजे डेटा गमावण्याची व्यवस्था करणे होय.

साफ केले तरी आकडा शून्य होत नाही, आणि डिस्क काढण्यापूर्वी

माउंट केलेल्या ईएक्सटी४चा सुपरब्लॉक आणि गटांची वर्णने असलेले बफर फाइल सिस्टीम धरूनच ठेवते. त्यामुळे ‘बफर्स’ काही एमबीवर येऊन थांबले तर तेथे तपास थांबवावा. दोन सर्व्हरनी एकच शेअर केलेले एलयूएन (स्टोरेजने डिस्क म्हणून दिलेला भाग) पाहिल्यावर एकाला जुना डेटा दिसत असेल, तर माउंट न केलेल्या डिव्हाइसवर ‘फ्लशबफ्स’ चालवून तो ताजा करता येतो. पण त्या सर्व्हरवर ईएक्सटी४ माउंट असेल तर कॅशेची कोणतीही साफसफाई उपयोगी पडणार नाही, कारण ती फाइल सिस्टीम एका वेळी एकाच सर्व्हरसाठी बनवलेली आहे.

डिस्क काढायची असेल तर ‘फ्लशबफ्स’वर विसंबू नये. ते पेजेस डिव्हाइसकडे पाठवते, पण डिस्कच्या स्वतःच्या अस्थायी कॅशेतून डेटा कायमच्या जागी गेला का, याची खात्री देत नाही. सिस फाइल सिस्टीममध्ये त्या डिस्कच्या ‘क्यू’ डिरेक्टरीतील ‘राइट कॅशे’ ही फाइल वाचावी. तेथे ‘राइट बॅक’ असे दिसले तर डिव्हाइस फाइल उघडून तिच्यावर एफसिंक करावा, कारण तो पेजेस लिहून झाल्यावर डिस्कला फ्लशचा आदेशही देतो. आणि त्या एफसिंकने परत दिलेली त्रुटी, असल्यास, लॉगमध्ये नोंदवूनच पुढचे पाऊल उचलावे.